कूबर पीडीचे हवामान: खाणपट्ट्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या, ओपल या रत्नासाठी खणल्या जाणाऱ्या या गावाबद्दल गोव्यातल्या डिचोली, साखळी, कुडचडे या बाजूने बरीच विचारणा होते. २०१२ मध्ये आपल्या खाणी थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. तेव्हापासून खाण अवलंबित घरांतली माणसे दूरदूरची नावे नकाशावर शोधू लागली. शिवाय ॲडलेडला शिकणाऱ्या मुलांना भेटायला गेलेले आईवडील ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणून तिकडे वळतात. प्रश्न बहुतेक हवामानाचेच असतात, म्हणून उत्तरेही हवामानापुरतीच दिली आहेत. व्हिसाचे एजंटला विचारा.

गाव नेमके कुठे आहे?

ॲडलेडपासून उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर, स्टुअर्ट हायवेवर. वस्ती दीड हजारांच्या आसपास. १ फेब्रुवारी १९१५ रोजी, सोने शोधायला आलेल्या टोळीतला १४ वर्षांचा विली हचिसन पाणी शोधत फिरत होता, तेव्हा त्याला ओपल सापडला. पाणी शोधता शोधता गाव वसले आणि पाण्याची वानवा गावाच्या पाचवीलाच पुजली गेली.

उन्हाळा कधी आणि किती कडक?

ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट थंडी. जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान ३७ अंशांच्या जवळ असते. पण सरासरीवर जाऊ नका. उष्णतेची लाट आली की पारा ४५ च्याही वर जातो आणि तशी लाट काही दिवस मुक्काम ठोकते. त्याच भागातल्या ऊडनडाटा गावी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंशांची नोंद झाली होती. तो ऑस्ट्रेलियाचा उच्चांक आहे. २०२२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑन्स्लोने त्याची बरोबरी केली, पण तो अजून कोणी मोडलेला नाही.

आम्ही गोव्याचे. उकाड्यातच वाढलो. आम्हाला काय फरक पडणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरे तर सगळी मेख इथेच आहे.

आपल्याला सवय आहे ती घामाची. मे महिन्यात ३४ अंश आणि हवेत ७० टक्के आर्द्रता असली की घाम येतो, पण वाळत नाही. शर्ट पाठीला चिकटतो, जीव नकोसा होतो, माणूस पंख्याखाली जाऊन बसतो. म्हणजे शरीर आपल्याला वेळीच ओरडून सांगते.

कूबर पीडीत दुपारी ४२ अंश आणि आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास असू शकते. घाम आल्याबरोबर उडून जातो. अंग कोरडे, कपडे कोरडे, आणि सावलीत उभे राहिले तर ‘अरे, एवढे काही नाही’ असेच वाटते. तेवढ्या वेळात अंगातून बरेच पाणी गेलेले असते. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचे तासाला लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी जाते. संध्याकाळी काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे वळ दिसतात, तेव्हा हिशोब लागतो. तहान लागायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहून पाणी प्यायचे, हा तिथला पहिला धडा.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचे तापमान पाहिले तर हे नीट कळते. आपल्या त्या मे महिन्यातल्या दुपारी ते २९ अंशांच्या वर राहते. तिथल्या ४२ अंशांतही ते २० च्या आसपास उतरते. मडक्यातले पाणी विदर्भातल्या उन्हाळ्यात गारेगार होते आणि गोव्यात कोमटच राहते, त्याचे कारणही हेच. म्हणून पाणी शिंपडणारा साधा कूलर तिथे उत्तम चालतो. गोव्यात तो लावला तर भिंतींना बुरशी येईल.

थोडक्यात, गोवेकराला तिथे बरे वाटेल. बरे वाटते म्हणून तो टोपी न घालता, बाटली न घेता फिरेल, आणि धोका तिथेच आहे.

मी दुबईत बरीच वर्षे काढली. तसेच ना?

नाही. दुबई समुद्रकाठी आहे. ऑगस्टमधली तिथली हवा चांगलीच दमट असते. कूबर पीडीची तुलना करायचीच तर रियाधशी करा.

तिथे एवढे कोरडे का?

गाव २९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा साधारण याच पट्ट्यात खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि कोरडी होते, मग ढग बनणार कसे? उत्तर गोलार्धात सहारा आणि अरबस्तान अशाच पट्ट्यात येतात. त्यात गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. उत्तर ऑस्ट्रेलियालाही मान्सून असतो, पण तो इथवर क्वचितच पोचतो. आणि अडवायला सह्याद्री नाही. आपल्याकडे अरबी समुद्राचे वारे घाटाला धडकून वर चढतात, म्हणून वाळपईत पणजीपेक्षाही जास्त पाऊस पडतो. तिथे डोंगर म्हणावे असे काही नाही, नुसती सपाटी.

वर्षाचा पाऊस जेमतेम दीडशे मिलिमीटर. गोव्यात तीन हजारांच्या घरात. पणजीच्या एका जुलैत कूबर पीडीचा पाच-सहा वर्षांचा पाऊस पडून जातो. उलट बाजूने पाहा: उघड्या टाकीतून तिथली हवा वर्षाला सुमारे तीन मीटर पाणी उडवून नेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे वरून जेवढे पडते, तिथले आकाश जवळपास तेवढेच मागते. देण्यासारखे जमिनीत काही नसते, एवढाच फरक.

लोक खरेच जमिनीखाली राहतात?

निम्म्याच्या आसपास, हो. त्या घरांना ‘डगआउट’ म्हणतात. जमिनीत खड्डा खणून त्यात उतरायचे, असे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. बहुतेक घरे टेकडीच्या कुशीत आडवी कोरलेली असतात. दार जमिनीच्या पातळीवर, आत खोल्या, आणि डोक्यावर काही मीटर दगड. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी खंदकांतला अनुभव इथे वापरला असे सांगतात. ते असो वा नसो, खाणीची भोके आधीच होती, लाकूड आणि वीट दूरवरून आणावी लागत होती, आणि बाहेर ऊन. सयुक्तिक निर्णय दुसरा कुठला घेणार?

आत बाराही महिने २३ ते २५ अंश. एसी नाही, हीटर नाही. यात जादू नाही. दगडातून उष्णता फार सावकाश आत शिरते. दिवसाचा ताप अर्ध्या-एक मीटरमध्येच विरतो. उन्हाळ्याचा ताप आणखी खोल जातो, पण पोचेपर्यंत इतके महिने लोटतात की वर हिवाळा आलेला असतो. काही मीटर खाली दगडाला ना दिवस कळतो ना ऋतू, त्याला फक्त वर्षाची सरासरी कळते. कूबर पीडीच्या हवेची ही सरासरी २१ च्या आसपास आहे. उघड्या, झाडे नसलेल्या जमिनीवर ऊन थेट पडते, म्हणून खाली थोडे जास्त निघते.

दगड मऊ आहे, यंत्राने खोली चटकन कोरता येते, आणि तरीही छत स्वतःला तोलून धरते. असा मेळ सगळीकडे जुळत नाही. भिंतींवर सीलरचा हात मारतात, नाहीतर भुकटी झडत राहते. हवेसाठी छतातून वर नळकांडी काढलेली असतात, त्यामुळे गावाकडे टेकडीवरून पाहिले तर घरे दिसत नाहीत, नळकांडीच दिसतात. चर्चही जमिनीखाली आहेत, कॅथलिकांचे आणि सर्बियन ऑर्थोडॉक्सांचेही. रात्री दिवा मालवला की काळोख पूर्ण असतो आणि बाहेरचा आवाज अजिबात येत नाही. पंख्याच्या घरघरीत झोपायची सवय असलेल्यांना पहिली रात्र जड जाते म्हणे.

मग गोव्यात अशी घरे का बांधत नाहीत? जुन्या चिरेखाणी तर रिकाम्याच पडल्या आहेत.

कल्पना दरवेळी कोणीतरी मांडतोच. चालणार नाही, आणि कारण नुसते पाणी नव्हे.

पाणी तर आहेच. जांभा सच्छिद्र. जूनमध्ये चिरेखाणीचे तळे होते हे लहान मुलालाही माहीत आहे, त्यात बुडून दरवर्षी जीव जातात. पण समजा पाणी अडवले, तरी दगड देणार तो वर्षाची सरासरीच. गोव्याची सरासरी २७-२८ अंश. आपल्याकडे उन्हाळा आणि हिवाळा यांत तसे अंतरच कमी, मग खणून मिळवायचे काय? वर पावसाळ्यातली दमट हवा आत शिरली की तिथल्या किंचित गार भिंतींवर दव धरणार. चार महिन्यांत कपाटातल्या साड्यांना बुरशी. आपल्या पूर्वजांनी उंच जोते, उतरते छप्पर आणि वारा खेळता राहील असा सोपा बांधला, तो इथल्या हवेचा हिशोब करूनच.

पाऊस पडतच नाही का तिथे?

पडतो, पण त्याला ऋतू नाही. जानेवारीत पडेल, जुलैत पडेल, वर्षभर तोंड फिरवून बसेल. आणि आला की कधीकधी झोडपून काढतो. जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या त्या भागात असा पाऊस झाला की स्टुअर्ट हायवे पाण्याखाली गेला, रेल्वेमार्ग वाहून गेला, आणि ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानातून कूबर पीडीला धान्य-किराणा पोचवावा लागला. दीडशे मिलिमीटरचे गाव पुराने अडकले!

आपल्याकडे पाणी वाहून जायला ओहोळ, नदी, खाडी असा मार्ग ठरलेला आहे. तिथे तसा मार्ग नसतो. पाणी सपाटीवर पसरते आणि बसून राहते. मातीचे रस्ते थोड्या पावसातही चिकट होतात, सरकार ते बंद करते, आणि बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला जबर दंड होतो. ढग आले म्हणून आपल्यासारखे खूश होऊ नये.

खाणीवरचे काम ऋतूप्रमाणे बदलते का?

बदलते, पण आपल्या उलट रीतीने. गोव्यातल्या खाणी उघड्या. जून उजाडला की पिटात पाणी भरते, पंप लावून उपसावे लागते, डंपावरची लाल माती शेतात उतरू नये म्हणून बांध घालावे लागतात. आपल्या कामाचे पंचांग पाऊस लिहितो.

तिथे ते ऊन लिहिते. बोगद्यात काम करणाऱ्याला वर ४५ असो की १५, आत तेच चोवीस-पंचवीस. वरची कामे मात्र, म्हणजे बुलडोझरने माथा खरवडणे, नवी भोके पाडणे, जुन्या ढिगाऱ्यात ओपल शोधत बसणे, शक्यतो थंड महिन्यांत किंवा सकाळी लवकर उरकतात. भर उन्हाळ्यात कित्येक जण सरळ समुद्रकाठी निघून जातात. ते परवडते, कारण तिथे कंपनीच नाही. सरकारी परवाना काढायचा, छोटासा क्लेम, म्हणजे खणायचा तुकडा, आखायचा आणि आपले आपण खणायचे. ट्रकमालक, बार्जमालक, कंत्राटदार अशी आपल्यासारखी साखळी नसते. पगारी नोकरीच हवी असेल तर त्याच प्रदेशातली ऑलिम्पिक डॅमची तांबे-युरेनियमची मोठी खाण आणि तिच्यासाठी वसवलेले रॉक्सबी डाउन्स हे गाव पाहा. हवा साधारण अशीच, पण घरे जमिनीवर आणि एसी अखंड चालू.

ओपल आणि हवामान यांचा काही संबंध?

आहे, आणि खाणवाल्याला तो आवडेल.

ओपल म्हणजे सिलिका आणि तिच्यात अडकलेले थोडे पाणी. सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी मध्य ऑस्ट्रेलियावर उथळ समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळाचा खडक झाला. पुढे तो खडक खोलवर कुजत गेला, त्यातून सिलिका सुटली, पाण्याबरोबर खाली झिरपली आणि भेगांत, पोकळ्यांत साठून राहिली. बुडालेल्या शिंपल्यांच्या जागीही ओपल भरलेला सापडतो.

आता आपली खाण आठवा. गोव्याच्या मूळ दगडात लोखंडाचे आणि सिलिकेचे पट्टे एकाआड एक होते. लक्षावधी वर्षांच्या पावसाने सिलिका विरघळवून नेली आणि मागे लोखंड राहिले, म्हणून आपला बराचसा ओर, म्हणजे कच्चे लोहखनिज, भुकटीसारखा मऊ आहे. जांभाही तसाच घडला. आपल्याला जे राहिले ते विकता आले, त्यांना जे झिरपून साठले ते. पाण्याच्या वाहण्या-थांबण्यावरच दोन्हीकडची तिजोरी भरली.

ओपल विकत घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवा: काही जातींचे ओपल पाणी उडाले की तडकतात. कूबर पीडीचा माल या बाबतीत टिकाऊ मानला जातो. तरी तो दिव्याच्या उष्णतेखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

स्वेटर लागेल का?

लागेल. लोक हसतात आणि नंतर तिथल्या दुकानातून महागडे जॅकेट घेतात. जुलैत दुपारी १८ च्या आसपास, पहाटे सरासरी ६, आणि काही रात्री पारा शून्याशी येऊन टेकतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसाची ऊब सूर्य बुडाल्याबरोबर वर निघून जाते. दमट हवा आपल्याकडे रात्रभर ती ऊब धरून ठेवते. तिथे धरणारे कोणी नाही.

धुळीची वादळे आणि माश्या?

दोन्ही आहेत. उन्हाळ्यात उत्तरेचा तापलेला वारा दिवसचे दिवस वाहतो, मग दक्षिणेकडून थंड हवा घुसते. त्या वेळी काही तासांत पारा पंधरा-वीस अंश घसरू शकतो, आणि वाटेतली लाल माती उचलूनच ती हवा येते. दारे लावून घ्यायची आणि गाडी चालवत असाल तर कडेला थांबायचे.

माश्या डोळ्यांच्या कडांवर येऊन बसतात, कारण त्यांनाही ओल हवी असते. टोपीवरून घ्यायची जाळी मिळते. ती घालून माणूस विनोदी दिसतो. घाला.

पाणी कुठून येते?

गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या बोअरमधून. ते खारे असते, गाळून गोडे करतात, म्हणून महाग. अंगण धुणे, गाडीवर पाइप सोडणे या सवयी विमानतळावरच ठेवून या. गोल्फच्या मैदानावरही गवत नाही, खेळाडू हिरव्या गालिच्याचा तुकडा बरोबर नेतो आणि त्यावर चेंडू ठेवून मारतो. ऊन-वाऱ्याचा फायदा मात्र गावाने करून घेतला आहे: २०१७ पासून बरीचशी वीज सौर पटल, दोन पवनचक्क्या आणि बॅटरी यांवर निघते. आधी जवळपास सगळी डिझेलवर होती.

आईला दमा आहे, बाबांचे गुडघे दुखतात. नेऊ का?

डॉक्टरांना विचारूनच. काही जणांना कोरडी हवा मानवते, पण धूळ दम्याला वाईट. नाकातून रक्त येणे, ओठ-टाचा फुटणे हे धडधाकट माणसालाही होते. व्हॅसलीन आणि खोबरेल घ्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात नेऊच नका, असे माझे मत.

चतुर्थी तिथे आली तर?

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथे थंडी सरून वसंत लागण्याचे दिवस, हवा छान. मूर्ती डगआउटमध्ये बसेल, आरतीचा घुमारही चांगला उठेल. पण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, कशाने बांधणार? कांगले, घागऱ्या, नारळांचा घड, सुपारीचे कात्रे यांतले तिथे उगवत काहीच नाही, आणि बाहेरून फळे-पाने आणायला ऑस्ट्रेलियाचे कस्टम देणार नाही. विसर्जनाला नदी नाही, बादली आहे. दिवाळीत नरकासुर जाळायचा बेत असेल तर त्या दिवशी आगबंदी आहे का ते आधी पाहा. उष्ण, वाऱ्याच्या दिवशी उघड्यावर काडी ओढणेही तिथे गुन्हा ठरू शकतो.

पूर्वीपेक्षा तिथेही उष्णता वाढली आहे का?

हो. १९१० पासून ऑस्ट्रेलियाचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने वाढले आहे. सरासरी वाढली की डगआउटच्या भिंतीही हळूहळू तापणार, कारण त्या सरासरीच मोजतात. अजून तरी आत एसी लावायची वेळ आलेली नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

मे ते सप्टेंबर. एप्रिल आणि ऑक्टोबरही चालतील. मुलांच्या नाताळच्या सुट्टीत बेत आखणारे पुष्कळ असतात. त्यांनी तो मोडून मे महिन्याच्या सुट्टीत जावे. आपली सुटी आणि तिथली बरी हवा, दोन्ही जमते.

ॲडलेडहून गाडीने जाणे जमेल?

जमेल, रस्ता सरळ आणि चांगला आहे. पण वाटेतले ग्लेनडंबो हे छोटे गाव सोडले की पुढचे अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंप नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा अख्खा गोवा दोनदा पार करण्याएवढे हे अंतर. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. माणशी किमान दहा लिटर पाणी जास्तीचे ठेवा, स्टेपनीत हवा आहे का पाहून घ्या, आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा, कारण कांगारू तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका. तिच्या सावलीत बसा. त्या रस्त्याने उशिरा का होईना, कोणीतरी येतेच, आणि चालत्या माणसापेक्षा गाडी लांबून दिसते.

गावात पोचल्यावर फलक दिसतील: उलटे चालू नका, पळू नका. ते गमतीसाठी लावलेले नाहीत. ओपलच्या माळावर सगळीकडे उघडी भोके आहेत, फोटोसाठी मागे सरकणारे त्यांत पडले आहेत.